हाड जोडावे की जुळू द्यावे?

एकाच गल्लीतल्या तीन घरांत घडू शकेल अशी गोष्ट घेऊ. पहिल्या घरातल्या सत्तरीच्या आजी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि दंडाचे हाड खांद्याजवळ मोडले. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधून दिला, काही दिवसांनी हलके व्यायाम सुरू करायला सांगितले आणि घरी पाठवले. दुसऱ्या घरातला सहा वर्षांचा मुलगा पेरूच्या झाडावरून पडला. त्याचेही दंडाचेच हाड मोडले, पण कोपराजवळ. त्याला त्याच रात्री भूल देऊन हाडात तारा घातल्या. तिसऱ्या घरातला पस्तिशीचा तरुण मोटारसायकलवरून पडला. त्याचे हाड दंडाच्या मधोमध मोडले. त्याला डॉक्टरांनी शस्त्रक्रिया किंवा पट्टा असे दोन्ही पर्याय सांगितले आणि ठरवायला वेळ दिला.

मग गल्लीत चर्चा सुरू होते. म्हातारे माणूस म्हणून आजींकडे दुर्लक्ष झाले का? पोराच्या हाडात उगीच तारा घातल्या का? आणि तरुणाच्या डॉक्टरांना स्वतःलाच नक्की माहीत नाही का?

प्रत्यक्षात तिन्ही सल्ले बरोबर असू शकतात. हाड एकच असले तरी ते कुठे मोडले, कोणाचे मोडले आणि ते जुळण्यासाठी काय लागते, यावर निर्णय फिरतो. शिवाय ‘अमुक उपचार चांगला’ हे आपल्याला कळते कसे, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. दंडाच्या हाडाच्या निमित्ताने या दोन्ही गोष्टी समजून घेता येतील.

हाडाची जागा आणि शेजार

खांद्यापासून कोपरापर्यंत एकच लांब हाड असते. वरच्या टोकाला अर्ध्या चेंडूसारखे गोल डोके असते. ते खांद्याच्या उथळ खोबणीत फिरते. मधला भाग नळीसारखा, कठीण भिंतीचा आणि आत पोकळ. खालचे टोक चपटे आणि रुंद असते. तिथे कोपराचा सांधा तयार होतो.

या हाडाची दोन वैशिष्ट्ये लक्षात ठेवू. पहिले, मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाप्रमाणे त्यावर शरीराचा भार येत नाही. उलट, आपण उभे किंवा बसलेले असताना हात खाली लोंबतो आणि त्याचे वजनच मोडलेल्या तुकड्यांना बऱ्याच अंशी सरळ रेषेत ओढून धरते. दुसरे, वरचा खांद्याचा सांधा शरीरातला सर्वांत मोकळा सांधा आहे. त्यामुळे मधले हाड थोडे वाकडे जुळले तरी खांदा ती कसर भरून काढतो. साधारणपणे पुढेमागे २० अंश, बाजूला ३० अंशांपर्यंतचा बाक आणि सुमारे ३ सेंटिमीटर आखूडपणा असला तरी हाताचे काम फारसे अडत नाही, असे अस्थिशल्यतज्ज्ञ मानतात. पायाच्या हाडात एवढा वाकडेपणा चालणार नाही.

शेजारही महत्त्वाचा आहे. हाडाच्या मागच्या बाजूने, त्याला जवळजवळ चिकटून, रेडियल नावाचा मज्जातंतू नागमोडी खाली उतरतो. मनगट आणि बोटे वर उचलणाऱ्या स्नायूंना तोच आज्ञा पोहोचवतो. हाड मधोमध मोडते तेव्हा या मज्जातंतूला हिसका बसू शकतो. मग रुग्णाचे मनगट लुळे पडते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशा ४,५१७ अस्थिभंगांची माहिती एकत्र केली होती. त्यांपैकी ५३२ रुग्णांत, म्हणजे सुमारे १२ टक्क्यांत, हा मज्जातंतू दुखावला होता. त्यांतल्या सुमारे ७० टक्के रुग्णांत तो कोणत्याही शस्त्रक्रियेशिवाय सावरला. कारण बहुतेक वेळा तो तुटलेला नसतो, फक्त ताणला किंवा चेपला गेलेला असतो. म्हणून कातडी न फाटता हाड मोडले असेल, तर केवळ मनगट लुळे पडले एवढ्यावरून घाईने दंड उघडत नाहीत.

मोडलेले हाड जुळते कसे?

हाड जुळवण्याचे काम शेवटी शरीरच करते. प्लास्टर, पट्टा, तार, पट्टी आणि स्क्रू ही सगळी त्या कामाला जागा करून देणारी साधने आहेत.

हाड मोडले की आतल्या रक्तवाहिन्या फाटतात आणि तुकड्यांभोवती रक्ताची गाठ तयार होते. काही दिवसांत त्या गाठीत नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि मऊ, लवचीक ऊती तयार होते. पुढच्या काही आठवड्यांत तिची जागा कूर्चा घेते. कूर्चा म्हणजे आपल्या कानाच्या पाळीच्या वरच्या भागात लागतो तसा चिवट पदार्थ. मग त्या कूर्चेत कॅल्शियमचे क्षार साठतात आणि तिचे कच्च्या हाडात रूपांतर होते. क्ष-किरण चित्रात मोडलेल्या जागेभोवती जो पांढुरका फुगवटा दिसतो तो हाच. त्याला कॅलस म्हणतात. त्यानंतर महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, शरीर तो फुगवटा तासून हाडाला मूळचा आकार देत राहते.

हा क्रम असाच का, याचे सुंदर स्पष्टीकरण स्टीफन पेरेन या स्विस संशोधकाने दिले. समजा, दोन तुकड्यांत १ मिलिमीटरची फट आहे आणि हालचालीमुळे ती ०.१ मिलिमीटरने रुंदावते. म्हणजे फटीतल्या ऊतीला १० टक्के ताण सोसावा लागतो. हाड साधारण २ टक्के ताणातच तुटते, कूर्चा सुमारे १० टक्के ताण सोसते आणि सुरुवातीची मऊ ऊती तर स्वतःच्या लांबीइतकी, म्हणजे १०० टक्के ताणली तरी टिकते. म्हणून हलणाऱ्या फटीत एकदम हाड तयार होऊच शकत नाही. आधी मऊ ऊती येते. तिच्यामुळे हालचाल थोडी कमी होते, तेव्हा कूर्चा टिकू शकते. कूर्चेमुळे हालचाल आणखी कमी होते आणि मग हाड टिकू शकते. प्रत्येक ऊती पुढच्या ऊतीसाठी जागा स्थिर करून देते.

कॅलस फुगीर का असतो, याचेही उत्तर पदार्थविज्ञानात आहे. एकाच पदार्थाच्या भरीव दांड्याचा व्यास दुप्पट केला, तर वाकण्याला होणारा त्याचा विरोध दुप्पट नव्हे, सोळा पट होतो. पदार्थ कच्चा असताना जाडी वाढवून मजबुती मिळवण्याचा हा मार्ग आहे.

यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. पट्ट्याने किंवा प्लास्टरने बांधलेल्या हाडाला थोडी हालचाल हवीच असते. अगदी थोडी हालचाल कॅलसला चालना देते, फार हालचाल तयार होणारी ऊती पुन्हापुन्हा फाडते. शस्त्रक्रियेत मात्र पट्टी आणि स्क्रूंनी तुकडे घट्ट आवळून बसवले, तर फट आणि हालचाल दोन्ही जवळजवळ शून्य होतात. अशा वेळी कॅलस न होता पेशी एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात सूक्ष्म बोगदे खणत जातात आणि हाड थेट सांधले जाते. हे काम सावकाश चालते. तोवर सगळा भार पट्टीवर असतो. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तशी हाड जुळण्याआधी पट्टीही थकून मोडू शकते किंवा स्क्रू निसटू शकतात. म्हणजे दोन्ही मार्गांत शरीराला वेळ द्यावाच लागतो.

करून पाहा

दंडाभोवती बांधलेला पट्टा आतल्या हाडाला आधार कसा देतो? पट्टा तर हाडाला कुठेच टेकत नाही, मध्ये स्नायू असतात.

पातळ प्लास्टिकची एक लिटरची रिकामी बाटली घ्या, झाकण काढा आणि ती मधोमध वाकवून पाहा. सहज वाकते. आता ती काठोकाठ पाण्याने भरा, झाकण घट्ट लावा आणि पुन्हा वाकवा. आता ती चांगलाच विरोध करते. पाणी दाबून लहान होत नाही आणि प्लास्टिक फारसे ताणले जात नाही, त्यामुळे आकार बदलायला वाव उरत नाही. आता झाकण थोडे सैल करून वाकवा. पाणी बाहेर येईल आणि बाटली वाकेल.

स्नायूंमध्ये बहुतांश पाणीच असते. त्यांच्याभोवती घट्ट कवच असले, की स्नायूंचा तो दंडगोल आतल्या हाडाला सावरून धरतो. सूज उतरली की पट्टा सैल होतो, म्हणून तो वरचेवर आवळावा लागतो. सैल पट्टा म्हणजे सैल झाकण.

जुनी विद्या, नवी साधने

दंडाच्या हाडावरच्या उपचारांची नोंद फार जुनी आहे. इजिप्तमध्ये १८६२ साली एडविन स्मिथ याने विकत घेतलेला पपायरस इसवी सनापूर्वी सुमारे १६०० वर्षांचा आहे. त्यातल्या ४८ रुग्णकथांत दंडाचे हाड मोडल्याच्याही कथा आहेत. रुग्णाला उताणे निजवून दोन खांद्यांमध्ये घडी घातलेले काहीतरी ठेवावे, खांदे पसरून हाड जागेवर येईपर्यंत ताण द्यावा, मग कापडी फळ्या बांधाव्यात, असे त्यात सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत अस्थिभंगाचे प्रकार आहेत आणि वड, पिंपळ, उंबर, पळस अशा झाडांच्या साली आणि बांबूच्या कामट्या बांधायची पद्धतही आहे. बांधणे सैल झाले तर हाड स्थिर राहत नाही आणि फार घट्ट झाले तर सूज आणि वेदना येतात, हा इशाराही तिथे आहे. तो आजही खरा आहे.

हाडापर्यंत चाकू नेणे मात्र अनेक शतके धोक्याचे होते, कारण जंतुसंसर्ग. जोसेफ लिस्टरने १८६५ साली ग्लासगोमध्ये कार्बॉलिक आम्ल वापरून जंतूंना अटकाव करून दाखवला. १८९५ साली रोंटगेनने क्ष-किरणांचा शोध लावला आणि आतले हाड न उघडता दिसू लागले. १९५८ साली स्वित्झर्लंडमधल्या शल्यतज्ज्ञांच्या एका गटाने पट्टी आणि स्क्रूंचे शास्त्र पद्धतशीरपणे विकसित करायला घेतले. त्यामुळे अनेक रुग्णांचे अपंगत्व टळले यात शंका नाही. पण त्याबरोबर एक सवयही आली. क्ष-किरण चित्रात हाड रेषेत दिसले म्हणजे उपचार यशस्वी, असे सर्वांनाच वाटू लागले. रुग्णाला चित्र नको असते, हात हवा असतो. चित्र सुंदर झाले म्हणजे हात जास्त चालतो का, हे वेगळे तपासावे लागते.

तपासायचे कसे?

शिक्षकांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. दहावीच्या काही मुलांनी जादा वर्ग लावले, काहींनी नाही. लावणाऱ्यांना सरासरी जास्त गुण पडले. हे जादा वर्गांचे श्रेय मानायचे का? ज्यांनी वर्ग लावले ती मुले आधीच अधिक हौशी असतील, त्यांच्या घरची स्थिती बरी असेल. दोन गट मुळातच वेगळे असतील, तर शेवटचा फरक कशाचा हे सांगता येत नाही.

डॉक्टरांचेही तसेच होते. कोणाची शस्त्रक्रिया करायची हे ते वय, प्रकृती आणि हाडाचा चुरा पाहून ठरवतात. मग शस्त्रक्रिया झालेले आणि न झालेले रुग्ण हे एकमेकांशी तुलना करण्याजोगे गट राहत नाहीत. यावर उपाय म्हणजे चिठ्ठी. दोन्ही उपचार रास्त वाटतील अशा रुग्णांची संमती घ्यायची आणि कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखे, यदृच्छया ठरवायचे. संख्या पुरेशी असेल तर वय, प्रकृती, हौस हे सगळे दोन्ही गटांत साधारण सारखे वाटले जाते. मग उरलेला फरक उपचाराचा.

खांद्याजवळ मोडलेले हाड

वय वाढले की, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये, हाडे विरळ होतात. दंडाच्या हाडाचे वरचे टोक आतून स्पंजासारखे असते. तिथे ही विरळता जास्त जाणवते, आणि साध्या पडण्यानेही हाड मोडते. यांतल्या बऱ्याच अस्थिभंगांत तुकडे फारसे सरकत नाहीत. त्यांना हात गळ्यात बांधणे आणि लवकर व्यायाम हाच उपचार आहे, यावर वाद नाही. वाद होता तो तुकडे सरकलेल्यांचा. चार्ल्स नीर या अमेरिकी शल्यतज्ज्ञाने १९७० साली त्यासाठी एक मोजमाप घालून दिले : तुकडा १ सेंटिमीटरहून अधिक सरकला किंवा ४५ अंशांहून अधिक वळला, तर तो सरकलेला मानायचा. अशा रुग्णांची शस्त्रक्रिया करावी, असा कल पुढे वाढत गेला.

ब्रिटनमध्ये २५० रुग्णांवर याची यदृच्छ चाचणी झाली आणि २०१५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिचे नाव प्रोफर. निम्म्यांना शस्त्रक्रिया, निम्म्यांना झोळी आणि व्यायाम. रुग्णांचे सरासरी वय ६६ होते आणि चारांतल्या तिघी स्त्रिया होत्या. मोजमाप क्ष-किरण चित्राचे नव्हते. कपडे घालता येतात का, जेवणाचे ताट नेता येते का, रात्री दुखते का, अशा प्रश्नांवर रुग्णांनीच ४८ पैकी गुण द्यायचे होते. दोन वर्षांत शस्त्रक्रियेच्या गटाची सरासरी ३९.०७ आणि दुसऱ्या गटाची ३८.३२ आली. फरक एका गुणाहूनही कमी! पाच वर्षांनंतरच्या पाहणीतही चित्र बदलले नाही.

असे का झाले असावे? पोपडे धरलेल्या भिंतीत खिळा ठोकून पाहिलेल्या कोणालाही यातली अडचण कळेल. विरळ हाडात स्क्रूची पकड कमी पडते. शिवाय तुकड्यांपर्यंत पोहोचताना आजूबाजूच्या ऊती सोडवाव्या लागतात आणि त्यांतूनच तुकड्यांना रक्त मिळत असते. जे जोडायचे त्याचाच रक्तपुरवठा थोडा कमी होतो. दुसऱ्या बाजूला, वाकडे जुळलेले हाड मोकळा खांदा बराच सांभाळून घेतो.

पण या निष्कर्षाची मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे. ज्यांचा खांदाही निखळला होता किंवा ज्यांना शस्त्रक्रिया स्पष्टपणे आवश्यक होती, असे रुग्ण चाचणीत घेतलेच नव्हते. म्हणून ‘खांद्याजवळच्या अस्थिभंगाला शस्त्रक्रिया निरुपयोगी’ असे प्रोफर सांगत नाही. ‘दोन्ही मार्ग रास्त वाटतात अशा रुग्णांत सरसकट शस्त्रक्रिया केल्याने जास्त फायदा होत नाही’ एवढेच ती सांगते.

मधोमध मोडलेले हाड

१९७७ साली ऑगस्टो सार्मिएन्टो या शल्यतज्ज्ञाने मधोमध मोडलेल्या दंडासाठी प्लास्टिकचा पट्टा पुढे आणला. सुरुवातीची सूज उतरल्यावर दंडाभोवती दोन अर्धकवचे आवळायची, खांदा आणि कोपर मोकळे ठेवायचे आणि हात हलवायला सांगायचे. बाटलीचा प्रयोग तो हाच. २००० साली त्याने आणि सहकाऱ्यांनी ९२२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. कातडी न फाटलेल्या अस्थिभंगांत हाड न जुळल्याचे प्रमाण २ टक्क्यांहून कमी आणि कातडी फाटलेल्यांत ६ टक्के निघाले. हे आकडे पाहिल्यावर शस्त्रक्रिया कशाला, असे वाटणे साहजिक आहे.

पण आकडे जरा जवळून पाहू. रुग्ण ९२२, पण शेवटपर्यंत पाठपुरावा झाला तो ६२० जणांचा. म्हणजे ते २ आणि ६ टक्के या ६२० जणांबद्दल आहेत. उरलेले ३०२ जण पुन्हा आलेच नाहीत. त्यांचे हाड उत्तम जुळले म्हणून आले नाहीत, की न जुळल्यामुळे दुसरीकडे गेले? शाळा सोडून गेलेल्या मुलांना वगळून निकाल काढला तर तो किती विश्वासाचा, हे शिक्षकांना सांगायला नको.

फिनलंडमधल्या शल्यतज्ज्ञांनी हा प्रश्न चिठ्ठी टाकून तपासला आणि २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकूण ८२ प्रौढ रुग्ण, त्यांपैकी ३८ जणांना पट्टी-स्क्रूची शस्त्रक्रिया आणि ४४ जणांना पट्टा. हाताची अडचण शून्य ते शंभर गुणांत मोजली. गुण जितके कमी तितके चांगले. वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटाची सरासरी ८.९ आणि पट्ट्याच्या गटाची १२.० होती. रुग्णाला जाणवण्यासाठी निदान १० गुणांचा फरक हवा असे आधीच ठरले होते. म्हणजे दोन्ही गट जवळपास सारखे.

इथे थांबलो तर मात्र अर्धेच सत्य हाती लागेल. पट्ट्याच्या गटातल्या ४४ पैकी १३ जणांवर वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली. बहुतेकांचे हाड जुळत नव्हते. तरीही त्यांची गणना पट्ट्याच्याच गटात केली. ही चूक नव्हे, हा चाचणीचा नियम आहे. ज्या गटात चिठ्ठी निघाली त्याच गटात शेवटपर्यंत मोजायचे. नाहीतर पट्टा न मानवलेले रुग्ण काढून टाकून पट्ट्याचे गुण फुगवता येतील, आणि चिठ्ठी टाकून मिळवलेली समानता मोडेल. म्हणून या चाचणीतली तुलना ‘पट्टा की शस्त्रक्रिया’ अशी नाही. ती ‘लगेच शस्त्रक्रिया’ आणि ‘आधी पट्टा, न जमल्यास शस्त्रक्रिया’ यांच्यातली आहे.

दोन वर्षांनंतरच्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांचे हाड पट्ट्यात जुळले ते आणि ज्यांची सुरुवातीलाच शस्त्रक्रिया झाली ते सारखेच चांगले होते. पट्टा फसून उशिरा शस्त्रक्रिया झालेले मात्र दोन वर्षांनीही मागेच होते. सरासरीत हे झाकले गेले होते.

आता पस्तिशीच्या तरुणापुढचा प्रश्न स्पष्ट मांडता येतो. पट्ट्याने सुरुवात केली तर साधारण तीनांत दोन शक्यता अशा, की शस्त्रक्रिया, भूल, जंतुसंसर्ग आणि मज्जातंतूला इजा हे धोके पूर्ण टळतील. तीनांत एक शक्यता अशी, की काही महिने वाया जातील, उशिरा शस्त्रक्रिया होईल आणि हात सावरायला फार वेळ लागेल. लगेच शस्त्रक्रिया केली तर हे धोके पत्करावे लागतील, पण वाटचाल अधिक निश्चित. हातावर पोट असलेल्या माणसाला महिने जाणे परवडेल का? शस्त्रक्रियेचा खर्च परवडेल का? या प्रश्नांची उत्तरे कोणतीही चाचणी देत नाही. डॉक्टर दोन्ही पर्याय सांगतात ते अज्ञानामुळे नव्हे. निर्णयाचा एक भाग रुग्णाचाच असतो म्हणून.

मुलांचे कोपर

मुलांची हाडे टोकांजवळच्या कूर्चेच्या चकत्यांमधून वाढतात. दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ खांद्याकडच्या चकतीतून होते आणि फक्त २० टक्के कोपराकडच्या. वाढणारे हाड आपला वाकडेपणा स्वतःच सुधारते. त्यामुळे लहान मुलाचे हाड खांद्याजवळ मोडले, तर बरेच सरकलेले असूनही बहुधा झोळीत सरळ होते. तेच हाड कोपराजवळ मोडले, तर वाकडेपणा सुधारायला पुरेशी वाढच नसते आणि कोपर कायमचे आत वळते.

त्याहून मोठा धोका शेजाराचा. हात टेकवून पडल्यावर पाच ते सात वर्षांच्या मुलांत हाड कोपराच्या जरा वर मोडते. तुकडा सरकला, तर समोरून जाणारी हाताची मुख्य धमनी आणि मज्जातंतू त्याच्या टोकावर येतात. त्यातच सूज वाढते. अशा वेळी वरून घट्ट बांधले तर हाताच्या स्नायूंचा रक्तपुरवठा बंद पडतो. सुमारे सहा तासांत स्नायू मरू लागतात, पुढे त्यांचे व्रण आकसतात आणि बोटे कायमची वाकडी राहतात. १८८१ साली रिखार्ड फॉन फोल्कमन या जर्मन शल्यतज्ज्ञाने या विकाराचे वर्णन केले आणि घट्ट बांधलेल्या पट्ट्यांकडे बोट दाखवले. म्हणून अशा मुलाचे सरकलेले हाड भूल देऊन जागेवर बसवतात आणि कातडीतूनच बारीक तारा घालून धरून ठेवतात. काही आठवड्यांनी तारा काढून टाकतात. हाड न सरकलेल्या मुलाला मात्र प्लास्टर पुरते.

शस्त्रक्रिया टाळू नये असे प्रसंग प्रौढांतही आहेत. कातडी फाटून हाड उघडे पडणे, मुख्य धमनीला इजा, कोपराच्या सांध्याच्या पृष्ठभागाचे सरकलेले तुकडे, एकाच वेळी अनेक हाडे मोडणे, किंवा गाठीसारख्या आजाराने पोखरलेले हाड मोडणे. इथे वाट पाहण्यात शहाणपण नाही.

शाळेत मूल पडले तर

हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत ठेवा. ओढू नका, सरळ करू नका, चोळू नका. बांगड्या, अंगठी, मनगटातला दोरा लगेच काढा, कारण सूज येणार आहे. घडी घातलेले वर्तमानपत्र किंवा पट्टी रुमालाने सैलसर बांधून आधार द्या. बोटांची टोके उघडी ठेवा आणि दर थोड्या वेळाने पाहा. बोटे पांढुरकी किंवा थंड पडली, मुंग्या आल्या, बोटे सरळ करताना मूल कळवळले किंवा दुखणे वाढतच गेले, तर बांधलेले सोडा आणि क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठा. भूल द्यावी लागण्याची शक्यता असते, म्हणून वाटेत खायला-प्यायला देऊ नका. आणि हाडवैद्याकडे किंवा दवाखान्यात, कुठेही घट्ट बांधले गेले असेल आणि वरच्यापैकी एकही लक्षण दिसले, तर उद्याची वाट पाहू नका.

वर्गात हा विषय घेतलात तर मुलांना फळ्यावर तीनच आकडे लिहून द्या : ९२२, ६२० आणि १६. कातडी न फाटलेल्या गटातले ७ आणि फाटलेल्या गटातले ९ मिळून एवढ्यांची हाडे जुळली नव्हती. समजा, परत न आलेल्या ३०२ जणांपैकी कोणाचेच हाड जुळण्यात अडचण आली नाही, तर न जुळल्याचे प्रमाण किती? आणि समजा, त्यांच्यातल्या चौथाई लोकांचे जुळले नाही, तर किती? दोन्ही उत्तरे शेजारी लिहा आणि मुलांना विचारा, जाहिरातीत यांतला कोणता आकडा छापला जाईल?